घासलेली बरणी

लग्नाकार्यात शेजारी बसलेली बाई हटकून विचारते, "तुम्ही नोकरीत काय करता?" सुरुवातीची काही वर्षं मी खरं ते सांगायची, "धूळ मोजते." तिला आधी वाटायचं मी थट्टा करते आहे, आणि मग तिला माझी कीव यायची. म्हणून मी "केमिस्ट आहे" म्हणू लागले, तर बायका मला गुडघेदुखीवर गोळी विचारू लागल्या. शेवटी मी परत धुळीवर आले. निवृत्त होईपर्यंत मी तीच मोजली. आता घरात फडकं मारतानासुद्धा, ही कुठून आली असेल, हा प्रश्न आधी मनात येतो आणि फडकं हातातच राहतं.

वणीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली. आमच्या भागात जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, आणि जमिनीवर कापूस. खालचं वर काढायचं म्हटलं की त्यातलं थोडं हवेत उडणारच, आणि उडालेलं कुठे ना कुठे खाली बसणार. खाणीवाले, भट्टीवाले, कारखानेवाले यांना आपल्या आसपासची हवा तपासून घ्यावी लागते. ती तपासणी आमच्यासारखे करतात आणि बिल त्यांनाच लावतात. म्हणजे ज्याची धूळ, तोच आमचा गिऱ्हाईक. हे ऐकलं की लोक डोळे बारीक करतात. करोत बापडे. डॉक्टरही पेशंटकडूनच फी घेतो, म्हणून तो रक्तातली साखर कमी लिहून देत नाही. कुणी देत असेल तर मला माहीत नाही, मी दिली नाही.

धूळ मोजायच्या आमच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक यंत्राची. पत्र्याचं खोकं, वर उतरतं छप्पर, आत मोटर. ती हवा ओढते आणि मध्ये लावलेल्या पांढऱ्या कागदावर धूळ अडकते. कागदाचं आधीचं आणि नंतरचं वजन करायचं, झालं. पण यंत्राला वीज लागते, आणि आमच्याकडची वीज पाहुण्यासारखी येते-जाते. दुसरी तऱ्हा बरणीची. रुंद तोंडाची उंच प्लास्टिकची बरणी, तळाशी शुद्ध पाणी, शेवाळ धरू नये म्हणून त्यात जरासं निळं मोरचूद. लोखंडी तिवईवर बसवून ती कुणाच्या तरी गच्चीवर ठेवून द्यायची आणि महिनाभर विसरून जायचं. वरून जे पडेल ते ती झेलते. महिन्यानं आणून आतलं गाळायचं, वाळवायचं, वजन करायचं. मला स्वतःला बरणी जास्त आवडायची. ती आवाज करत नाही, बंद पडत नाही आणि कुणाशी खोटं बोलत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

गिऱ्हाइकांचे नमुने धुळीच्या नमुन्यांपेक्षा रंगीत. एका कारखान्याचे अधिकारी फार सज्जन, दर खेपेला चहा स्वतः आणून द्यायचे आणि हळूच विचारायचे, "मॅडम, कागद जरा पांढरा नाही का येणार?" मी म्हणायची, "येईल की. यंत्र सुरूच केलं नाही तर अगदी दुधासारखा येईल." राजूरच्या बाजूला एक भट्टीवाले होते. आम्ही कळवून जायचो त्या दिवशी त्यांची चुन्याची भट्टी थंड आणि कढईतले पोहे गरम. "आज काहून बंद आहे?" असं विचारलं तर म्हणाले, "आज अमावस्या हाय ना, मॅडम." पुढच्या खेपेला पौर्णिमा होती. त्याच्या पुढच्या खेपेला आम्ही न कळवता गेलो, तेव्हा पंचांगात काहीच नव्हतं आणि भट्टी जोरात होती. पोहे मात्र त्या दिवशीही मिळाले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आणि बोरी अरब. खाणीची हवा किती वाईट हे सांगायचं तर आधी बरी हवा कशी असते ते माहीत पाहिजे. त्यासाठी खाणींपासून लांब म्हणून आम्ही बोरी अरबला एका ओळखीच्या घरावर बरणी ठेवली. ती आली खाणीच्या बरणीपेक्षा काळपट, वर भुसकट तरंगत असलेली. मी दोन्ही बरण्यांची अदलाबदल झाली म्हणून सगळ्यांवर ओरडले. नंतर कळलं, शेजारच्या खळ्यात सोयाबीनचं थ्रेशर लागलं होतं आणि सगळं कुटार वाऱ्यावर आमच्या गच्चीकडे येत होतं. त्या दिवसापासून मी माझ्या माणसांना सांगू लागले, की बरणी ठेवण्याआधी आजूबाजूची माणसं काय करतात ते बघा. सांगणं सोपं असतं.

आता तांड्याची गोष्ट. तांड्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात आणि ट्रकवालेही फार लांब गेलेले नाहीत.

बंजारा लोकांचा तांडा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आता हे लोक आपापल्या शेतात कापूस आणि तूर घेतात. तांड्याला लागून, शेतांच्या मधून एक रस्ता जातो. जवळच्या खाणीतला कोळसा रेल्वेच्या मालधक्क्यावर न्यायला ट्रकांना तो जवळचा पडायचा. ताडपत्री असली तर फडफडणारी, नसली तर नाहीच. दुसरा एक बाहेरचा रस्ता होता, पण तो लांबून वळसा घालून जायचा. तांड्याचं म्हणणं एवढंच होतं, की ट्रक बाहेरून न्या. लेकरं खोकतात, आणि रस्त्याकडचा कापूस इतका मळतो की व्यापारी तो बाजूला टाकतो. कंपनीचं म्हणणं, धूळ मर्यादेतच आहे. प्रकरण उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेलं. ते म्हणाले, भांडू नका, मोजा. महिन्याभराचा जो आकडा येईल त्यावर ठरवू. मोजायचं काम आमच्याकडे आलं.

आमचे फील्ड असिस्टंट वामनराव. माझ्याहून वयानं मोठे, बोलायला कंजूष आणि शिडी चढायला पटाईत. त्यांनी रस्त्याच्या बाजूचं, झाडांपासून मोकळं असं घर शोधलं. जमनाबाई राठोड नावाच्या बाईंचं घरकुल, वर स्लॅब. वामनरावांनी घरच्या मुलाशी बोलून बरणी चढवली आणि त्याला बजावलं, महिनाभर हिला हात लावायचा नाही. मुलगा शब्दाचा पक्का. त्यानं खरंच हात लावला नाही.

पावसाळा सरला होता, दसराही झाला होता, तेव्हा ती बरणी माझ्या टेबलावर आली. मी आत डोकावून पाहिलं तर पाणी जाहिरातीतल्यासारखं नितळ. गाळलं, वाळवलं, वजन केलं. बोरी अरबचं थ्रेशर बंद असताना जेवढं यायचं त्याच्याहूनही कमी. मी तराजू तपासला, कागद बदलला, आणि मग, माझा स्वभाव असा असल्यामुळे, वामनरावांना फैलावर घेतलं.

"वामनराव, ही बरणी तांड्यावर ठेवली होती की महाबळेश्वरला?"

"ठेवली तितंच होती, म्याडम. आता आभायच सुधरलं असन त मले का माहीत?"

आमच्या साहेबांना काही अडचण दिसली नाही. "आकडा आपण बनवला आहे का? नाही ना? आला तो लिहा." बोलणं चुकीचं नव्हतं. मी लिहायलाही बसले. पण बरणी समोरच होती आणि तिच्याकडे माझं लक्ष जात राहिलं. महिनाभर पाणी राहिलेल्या कुठल्याही भांड्याला आतून एक कड धरते, बादलीला धरते तशी. हिला कडच नव्हती. बाहेरून बघितलं तर बारीक गोल ओरखडे. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत जेवढी भांडी धुतली त्याच्यापेक्षा जास्त घरी घासली आहेत. ते ओरखडे मी ओळखले. पेन खाली ठेवलं आणि वामनरावांना जीप काढायला सांगितली.

जमनाबाईंच्या घरात शिरले आणि पाहतच राहिले. कोळशाच्या रस्त्याला लागून घर, आणि फळीवरचा एकेक तांब्या असा की त्यात तोंड पाहावं. अंगण सारवलेलं. वर गच्चीवर आमची रिकामी तिवई होती, तीसुद्धा पुसलेली. पन्नाशी ओलांडलेली, काटक, हसऱ्या तोंडाची बाई. तिनं आधी चहा टाकला आणि मग काळजीनं विचारलं, "बरनी बराबर भेटली ना, बाई? चिरबीर नाही ना गेली?"

"बरणी छान मिळाली. फारच छान. कशानं घासत होतात?"

तिचा चेहरा उजळला. कुणीतरी दखल घेतली म्हणून. "राखेनं घासो, मंग साबनानं. रोज सकायी आमची भांडी झाली का तिचं. पयल्या दिवशी वर गेलो त पाह्यलं, आतमंदी निळं निळं पानी आन त्याच्यावर काया थर. मले कसंतरीच झालं. लोकाचं भांडं आपल्या घरावर, आन असं? पाहनारे का म्हनतीन? पानीबी रोज बदलो मी. बोरिंगचं, फडक्यातून काढलेलं."

मी तिथे चिडणार म्हणून वामनराव दोन पावलं मागे सरकले होते. पण मला रागच आला नाही. टेबलावर धूळ असली तर मला स्वतःला जेवण जात नाही. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं, आणि पाणीही बदललं असतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. ती काळी साय म्हणजे खाली येणारा कोळसा होता, तोच आम्हाला हवा होता, आणि निळं पाणी मुद्दाम ठेवलं होतं. ती ऐकत होती. हातातला कप तिनं हळूच खाली ठेवला.

"म्हंजे म्या रोज पुरावाच धुवून टाकला?"

"हो."

"आन आता ट्रक?"

"आता आकडा म्हणतो, इथे धूळच पडत नाही."

तिनं दाराबाहेर पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "नाईक मले जीती नाही ठेवाचा."

तांड्याचा प्रमुख तो नाईक. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला आमचा चहा संपायचा अवकाश होता. तो आला, आणि त्याच्यामागे निम्मा तांडा. "येवढे हेलपाटे मारले आमी, आन या बाईनं राखेनं सपाट केलं," असं कुणीतरी म्हणालं. जमनाबाई पदराचं टोक बोटांना गुंडाळत उभी होती. सगळ्यात स्वच्छ घर म्हणून जिचं तांड्यात नाव, तिला त्याच स्वच्छतेपायी चारचौघांत खाली मान घालावी लागत होती. ते मला सहन झालं नाही. मी नाईकाला विचारलं, "घराच्या गच्चीवर रोज कोण चढतं हो?"

"बायाच चढते. वाळवणं, लाकडं, सारंच तं वर असते."

"आणि आम्ही बोललो कुणाशी?"

नाईकानं घरच्या मुलाकडे पाहिलं. वामनराव जीपच्या टायरकडे पाहू लागले. आमच्या कामाची रीतच तशी पडून गेली होती. घरातल्या पुरुषाला विचारायचं, त्याची मान हलली की शिडी लावायची. भांड्यांचा कारभार कुणाकडे असतो, हे इतक्या वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

परत निघताना मी रस्त्याकडेच्या जमनाबाईंच्याच शेताशी थांबले. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी होऊन गेली होती, आणि नंतर फुटलेली बोंडं आता झाडावर होती. रस्त्याला लागून असलेल्या ओळींतला कापूस राखाडी. आत, पलीकडच्या बांधाकडे, म्हणजे धुऱ्याकडे, बघावं तर पांढरा. हे मी आधी जाता-येता शंभरदा पाहिलं असेल. पण त्या दिवशी मला नागपूरचं एक प्रशिक्षण आठवलं. तिथे थंड देशात शिकून आलेले एक सर होते. ते सांगत होते, की तिकडे शहरांत हिवाळाभर बर्फ साचून राहतो, आणि कारखान्यांतून, गाड्यांतून हवेत गेलेलं सगळं, काजळी, शिसं, गंधक, कणाकणानं त्यात जमा होत जातं. आता वितळेल म्हणताना तिथली माणसं तो बर्फ वरपासून खालपर्यंत खणून नेतात, वितळवतात आणि गाळून बघतात, हिवाळ्यात गावावर काय काय पडलं ते. अख्ख्या शहरावर फुकटात पसरलेली बरणी. आमच्यातला एक जण म्हणाला होता, "सर, आमच्या जिल्ह्यात बर्फ फक्त लग्नाच्या मठ्ठ्यात असतो." आम्ही सगळे हसलो होतो, मी सगळ्यांत मोठ्यानं.

आता त्या शेतात उभं राहून मला हसू येत नव्हतं. आमच्या जिल्ह्यातही शेतभर पांढरं पसरतं की. त्यावरही आभाळातलं पडतं आणि चिकटून राहतं. पहिल्या वेचणीत सगळी फुटलेली बोंडं वेचली गेली होती, म्हणजे ती बरणी रिकामी झाली होती. आता झाडावर जे होतं ते तेव्हापासूनचं, रस्त्याकडेही आणि धुऱ्याकडेही.

मी जमनाबाईंना हाक मारली. आम्ही दोघी रस्त्याच्या पहिल्या ओळीपासून धुऱ्यापर्यंत थांबत थांबत गेलो आणि दर टप्प्याचा कापूस वेगळ्या पिशवीत भरला. ती वाकून भरभर वेचत होती आणि वर न बघता एकदाच म्हणाली, "हा धुवाचा नाही ना?" मी म्हटलं, "हा मी धुणार. तुम्ही नाही."

प्रयोगशाळेत सारख्या वजनाचा कापूस शुद्ध पाण्यात घोळला आणि ते पाणी गाळलं. कागद ओळीनं वाळत घातले. पहिला तव्यासारखा काळा, मग करडा, मग फिका, आणि शेवटचा जवळजवळ कोरा. मी बराच वेळ त्या कागदांसमोर उभी होते. इतक्या वर्षांत मला माझं काम इतकं सुंदर दिसलं नव्हतं, आणि विषय तर असा, की सुंदर म्हणायची लाज वाटावी.

साहेबांनी पाहिले. "हे कुठल्या मान्य पद्धतीत बसतं?"

"कुठल्याच नाही."

"मग?"

"मग बरणीचा आकडाही बसत नाही. धुतलेल्या बरणीवर मी सही करणार नाही."

साहेब म्हणाले, गिऱ्हाईक तुटेल. मी म्हटलं, तुटू द्या. साहेब रागावले पण वाईट नव्हते. सहीसाठी दुसरा माणूस त्यांच्याकडे होता, त्यांनी त्याला बोलावलं नाही. एवढ्यासाठी मी त्यांची आजही आभारी आहे.

सुनावणीला कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता. नम्र, हुशार, आणि त्याचा मुद्दा बिनतोड. "मॅडमनी कापूस धुतला हे छान आहे, सर. पण उद्या कुणी टॉवेल धुऊन आणेल. पद्धत ती पद्धत." मी अधिकाऱ्यांना सांगितलं की ते बरोबर बोलतात. कापसाचे कागद आकडा म्हणून धरू नका. पण बरणीचाही धरू नका, कारण ती रोज घासली जात होती.

अधिकाऱ्यांनी मागे बसलेल्या लोकांकडे पाहिलं. "कोण घासत होतं?"

नाईकानं मान वळवली. जमनाबाई गप्प बसली असती तर कुणी तिला उठवलं नसतं. ती उठली. डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मी घासत होतो, साहेब. घरावर खराब भांडं ठेवाची आमच्यात रीत नाही. मले कोनी सांगतलंच नाही का त्याच्यातली घान कामाची हाय म्हून."

खोलीत हशा पिकला, अधिकारीही हसले, आणि मग त्यांनी समोरचे कागद परत एकदा डावीकडून उजवीकडे पाहिले. निकाल दिला नाही. बरणी पुन्हा महिनाभर त्याच घरावर ठेवा, म्हणाले, आणि या वेळी बाईंना समजावून सांगा. तोपर्यंत ट्रक होते तिथूनच जातील.

त्या महिन्यात दिवाळी होती.

दिवाळी म्हणजे तांड्यातलं प्रत्येक घर राजूरच्या चुन्यानं पांढरं होतं, माळ्यावरचं भांडं न् भांडं खाली येऊन घासलं जातं. सण म्हणून तांड्यातल्या पोरी हातात दिवे घेऊन दारोदार जातात, पाव्हणेरावळे येतात, आणि सगळे सगळ्यांची घरं बघतात. अशा वेळी जमनाबाईंच्या चुना दिलेल्या घराच्या डोक्यावर एक काळी होत चाललेली बरणी. जावा बोलल्या. विहिणीनं विचारलं, तब्येत बरी नाही का. दिवाळीला माहेरी आलेली मुलगी कमला तर वर पाहताक्षणी राखेची वाटी घेऊन शिडी चढली. वामनराव तेव्हा बरणी जागेवर आहे का ते पाहायला गेले होते, म्हणून मला हे त्यांच्याकडून कळलं. न बोलणाऱ्या माणसानं हे मात्र रंगवून सांगितलं. जमनाबाई पिठानं भरलेल्या हातांनी धावत बाहेर आली.

"कमले, खाली उतर! हात नको लावू!"

"याडी, किती घान हाय वं हे! कायले ठेवलं?"

"असू दे. ते आपलं नाही, आभायाचं हाय."

महिना भरला तेव्हा मी स्वतः गेले. जमनाबाईंनी मला वर नेलं. "रोज येतो इथं," ती म्हणाली. "पाहतो, आन हात मांगं बांधून खाली जातो. लय जड गेलं, बाई." मला त्या वेळी तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी हातात बरणी धरली होती आणि ती हिंदकळून चालणार नव्हतं.

आकडा इथे देत नाही. कुणाला तो समजायचा नाही आणि ज्यांना समजेल त्यांना आठवेल. मर्यादेच्या बराच वर होता. इंजिनिअरनं या वेळी पद्धतीबद्दल काही म्हटलं नाही. ट्रकांनी बाहेरच्या रस्त्यानं जायचं असा आदेश निघाला, आणि नवल म्हणजे तो पाळलाही गेला. तांड्यावर नारळ फुटला. नाईकानं जमनाबाईंना सगळ्यांसमोर पहिला गूळ दिला. पुढच्या वेचणीचा कापूस मी मुद्दाम जाऊन पाहिला, रस्त्याच्या ओळीपासून पांढरा होता. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी हीच गोष्ट सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यंदा पोळ्याच्या सुमारास फोन आला. "बाई, जमना बोलून राह्यलो." नातवंडांची खुशाली झाली, माझ्या गुडघ्याची चौकशी झाली. मग म्हणाली, "कमलाच्या घरावर बरनी ठेवा लागते."

"का? तिच्याकडे काय झालं?"

"तिचा तांडा बाहेरच्या रस्त्यावर हाय ना. आता सारे ट्रक तिकूनच जाते."

सुनावणीत दोन्ही रस्त्यांचा नकाशा माझ्या समोर टेबलावर पसरलेला होता. बाहेरच्या रस्त्याच्या कडेला त्यावर काहीच काढलेलं नव्हतं, आणि तिथे कोण राहतं हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मीही नाही. मी जिंकण्यात गुंतले होते.

"जमनाबाई, मी आता नोकरीत नाही."

"मले माहीत हाय. पन बरनी कशी ठेवाची ते तं तुमाले येते."

एक गोष्ट तिला सांगणं भाग होतं. नाही तर पुढे कुणीतरी दुसऱ्यानं सांगितली असती. "जमनाबाई, कमलाच्या बरणीत जास्त आलं, तर तिथली माणसं म्हणतील, ट्रक परत जुन्या रस्त्यानं न्या. म्हणजे तुमच्या दारावरून."

पलीकडे मागे कुणीतरी भांडी लावत होतं, त्यांचा आवाज येत होता. मला वाटलं ती फोन ठेवून देईल, आणि तिनं ठेवला असता तर मी तिला दोष दिला नसता.

"मंग दोनी घरावर ठेवा, बाई, ट्रक कुठूनबी गेले तरी दिसन," जमनाबाई म्हणाली. "एकाच दिवशी."